तिऱ्हाईत साळू

खोटं कशाला बोलू, लई भ्या वाटत व्हतं. डोईवर मातीचं ढेकूळ, काखेत चार वर्सांचा भिमा, आन् समोर सारं आंबवडं गाव गोळा झालेलं.

भांडण माझ्या बापाचं आन् सासऱ्यांचं, एका बांधावरनं. दोन वर्सं भोरच्या कोर्टात हेलपाटे घालून दोघंबी दमले, तवा भोरचे उस्मानचाचा पिंजारी पंच नेमले. चाचा म्हनले, "गावची रीत हाय तीच करू. ढेकूळ डोईवर घिऊन तिऱ्हाईतानं चालायचं. चालंल ती हद्द."

पाऊल खोटं पडलं, न्हाईतर कुनीबी ढेकळाला हात लावून घेतलेली आण खोटी निघाली, तर चालनाऱ्याचं लेकरू वर्साच्या आत देवी नेती. म्हून कुनी फुडं येईना. मग दोघा म्हाताऱ्यांनी माझं नाव घेतलं. मेल्यांची अक्कल बघा! दोघांलाबी वाटलं, साळू आपल्याच बाजूनं चालंल.

चाचा म्हनले, "ती तर दोन्हीकडची. तिऱ्हाईत कशी?"

माझा बाप कोंडिबा ढेकळाला हात लावून म्हनला, "लगीन करून दिली तवाच तुटली. ती आमची न्हाई."

सासरे मानसिंगराव हात लावून म्हनले, "ल्योक गेला, नातं संपलं. ती आमची कुनी न्हाई."

खरं काय ते बापाला आन् मलाच ठावं. म्या नऊ वर्सांची असताना भर दुपारी बापानं हद्दीचा दगूड चार पावलं सासऱ्यांच्या रानात सरकवला. जुना खड्डा बुजवायला पाटीनं माती म्याच लोटली व्हती.

चालाय लागले. करंजापाशी दगूड दिसला. बाप माझ्याकडं टक लावून बघत व्हता. भिमा म्हनला, "आये, डोळ्यात माती जातीया." म्या त्याला गच्च धरला आन् दगूड सोडून चार पावलं बापाच्या रानात शिरले. बाप मटकन खाली बसला.

ढेकूळ उतरवलं तसे सासरे हरकून वरडले, "वा गं माझी सून! आमचीच हाय ती! चल घरी."

म्या भिमाला मागं वढला.

"मामंजी, गप ऱ्हावा! ढेकळाला हात लावून काय म्हनला? आता आमची म्हनला तर ती आण खोटी. मग देवी कुनाला नेईल?"

सासऱ्यांनी भिमाकडं बघितलं. एकुलता एक नातू. तोंड पांढरंफटक पडलं त्यांचं.

"न्हाई," ते हळूच म्हनले. "ती आमची न्हाई." मग दोन्ही हात फुडं केले. "पर पोरगं आमचं हाय."

म्या चाचांकडं बघितलं. चाचांनी मान खाली घातली.

भिमा रडत माझा पदर धरून व्हता. त्याच्यासंगं त्या घरी गेले तर आण खोटी पडनार व्हती. त्याची मूठ म्याच सोडवली. जित्ता ऱ्हाऊ दे, म्हून म्या त्याला दिला.