विक्रीस : बाबांच्या टेबलावरच्या चिप्स

कडेवरचा तो पांढरा ठिपका – ठिपका नव्हेच, नखानं ओरबाडल्यासारखी बारीकशी खाच – उजेड आडवा पडला तरच दिसत होती, म्हणून तर तिनं ती जांभळी चिप खिडकीकडे आणखी सरकवली. खाली करडा पुठ्ठा, शेजारी मापासाठी नाणं. फोटो आधी या बाजूचा, मग त्या, मग कडेचा. धुवायची नाही, पुसायचीसुद्धा नाही. कॅसिनोच्या जुन्या चिप्स – पैशांऐवजी डावावर लावायच्या त्या चकत्या – जमवणाऱ्यांना वापराच्या खुणा हव्या असतात, हे ती त्यांच्या गप्पांच्या साइटवर दिवसचे दिवस पडीक राहून शिकली होती. शाळेत शिकवतं का कुणी असलं काही!

“खाच दिसतेय की,” मामा मागून म्हणाला. जुने मोबाइल विकणारा मामा, म्हणजे घरातला स्वयंघोषित व्यवहारतज्ज्ञ. “फिरव जरा. गिऱ्हाइकाला आपणहून खोट दाखवतं का कुणी?”

“मी दाखवते.”

“दाखव बाई. आणि जाहिरातीत हे काय लिहिलंयस? ‘माझे वडील या टेबलावर पत्ते वाटत असत’... खोड आधी! जुन्या घरात सापडल्या म्हणून लिही. उद्या कुणी विचारलं, पत्ते वाटणाऱ्याच्या घरी एवढ्या चिप्स आल्या कुठून, तर?”

आल्या कुठून... हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. कॅसिनो बंद झाला त्या संध्याकाळी बाबा बुटांचा एक खोका घेऊन आले, “आठवण म्हणून दिल्या सगळ्यांना,” एवढंच म्हणाले, खोका कपाटावर गेला आणि त्याच्याबरोबर तो विषयही. शेजारच्या काकू तिला जुगाऱ्याची पोर म्हणायच्या, आणि ती – म्हणजे मागच्या वर्षीची ती, ती घाबरट – खाली बघत जिना उतरायची. जन्मात एक डाव न लावलेला माणूस, म्हणे जुगारी! पत्ते वाटायचे, टेबल सोडताना टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट दाखवायचे – छतावरच्या कॅमेऱ्याला, की बघा बाबांनो, काही लपवलेलं नाही – आणि घरी यायचं. अजूनही जेवून उठताना हात आपोआप तसे फिरतात. आई म्हणते, अहो, बसा, चमचे मोजणार नाहीये मी.

ते वाक्य तिनं खोडलं नाही. सुरुवातीची बोली मुद्दाम कमी ठेवली – दोघं हट्टाला पेटले की किंमत आपली आपण चढते – लिलाव संपायची वेळ सुट्टीच्या संध्याकाळची, लोक घरी असतात तेव्हाची, टाकली आणि बटण दाबलं. बास.

मधल्या सुट्टीत मैदानाच्या कठड्यावर बसून तिनं फोन उघडला. बोल्या येत होत्या! आणि त्यांच्याखाली, साऱ्या जगाला दिसेल असा, एका जमवणाऱ्याचा प्रश्न : ‘या कॅसिनोनं बंद होताना सगळ्या चिप्स मोडीत काढल्या, असं ऐकलंय. तुमच्या वडिलांकडे या कशा?’

कान तापले. लगोलग मामाचा मेसेज : ‘सांगत होतो. बंद कर तो लिलाव.’

बंद करायचा? मध्येच बंद केला म्हणजे पाणी मुरतंय, असंच धरतात ही माणसं. नाव गेलं की गेलं. आणि नाव कुणाचं जाणार होतं, माझं थोडंच... तो खोका त्या संध्याकाळी कोटाच्या आत होता का? होता. थंडी होती म्हणून. थंडी होती ना? मला आठवतोय तो कोट, दारातच उभं राहून त्यांनी बटणं काढली होती, सावकाश, एकेक – पण थंडी काही केल्या आठवत नाही. फोन करून विचारू? काय विचारू? बाबा, तुम्ही...

छे! तिनं लिहिलं : ‘कॅसिनोनं आठवण म्हणून दिल्या. माझ्याकडे कागद नाही, बाबांचा शब्द आहे. पटत नसेल तर बोली लावू नका.’ शेवटचं वाक्य तिला इतकं आवडलं की पाठवण्याआधी तिनं ते मोठ्यानं वाचून पाहिलं, आणि शेजारी डबा खाणारी दोन मुलं चमकून बघायला लागली. बघेनात का.

घरी बाबा इस्त्री करत होते.

“मामानं दाखवलं,” ते म्हणाले. “मला न विचारताच लिहिलंस.”

“मग? चुकलं?”

इस्त्री कॉलरवर थांबली. “आणि दिल्या नसत्या तर? मीच उचलल्या असत्या तर?”

चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, कळेना. मान खाली होती.

“तर तेही मीच लिहिलं असतं,” ती म्हणाली. “तुमच्या नावानिशी. कॉलर जळेल बाबा, इस्त्री उचला.”

त्यांनी ती उचलली. तो शर्ट घडी घालून ठेवला आणि पुढचा हातात घेतला.

आता विचारता आलं असतं. दोन पावलांवर होते ते. पण आपण उत्तराला घाबरून गप्प नाही, हे तिच्या अचानक ध्यानात आलं – घाबरलेलं गप्प बसणं कसं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं, जिना पाठ होता तिला – हे वेगळंच होतं काहीतरी, ऐसपैस, थोडंसं उर्मट. विचारीन मी. उद्या, परवा, कधीतरी. आणि ते हो म्हणोत की नाही, काकूंच्या दारासमोरून उतरताना मी बघणार आहे ती समोर... एकदम समोर. तिनं हात पुढे केला आणि बाबांच्या हातातून पुढचा शर्ट घेतला.