जहांआराबीने नाव घेतलं नाही

शेगावात जहांआराबीला ओळखत नाही अशी बाई शोधूनच काढावी लागेल. मनियाराच्या घरची सून, बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरणारी. तिच्या हातात हात दिला की कडक पंजासुद्धा मऊ पडतो आणि अगदी घट्ट मापाची काचही न तडकता मनगटावर उतरते. पण बायका तिलाच बोलावतात ते तेवढ्यासाठी नाही. ती या घरचं त्या घरी नेत नाही. मनगट हातात घेतल्यावर जे दिसायचं ते तिला दिसतंच. वळ दिसतात, चटके दिसतात. ती बघते, बांगड्या भरते, पैसे घेते आणि उठते. नाव घ्यायचं नाही, हा तिच्या धंद्याचा रिवाज आहे. सासूने तिला बांगडी सरकवायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं होतं.

त्या बुधवारी ती प्रतिमाताईंच्या घरी होती. प्रतिमाताई शाळेतून निवृत्त झालेल्या आणि आता गावच्या रेडिओवर ‘उंबऱ्याबाहेर’ हा कार्यक्रम करणाऱ्या. दर बुधवारी एक बाई यायची. कधी चित्रं काढणारी, कधी एसटीत कंडक्टर असलेली, कधी दारूचं दुकान बंद पाडणारी. बाईने बोललं पाहिजे, हे वाक्य प्रतिमाताई इतक्या गोड आवाजात म्हणत, की ऐकणाऱ्या बायका हातातलं काम सोडून डोळे पुसत. घरी मात्र त्यांचा आवाज वेगळा होता. भाषाही वेगळी होती.

“कोपरापर्यंत भर, जहांआरा,” त्या दारातून म्हणाल्या. “उद्या हळदीकुंकवाले बाया येतीन.”

हात त्यांच्या सुनेचा होता. गार्गीला सातवा महिना लागलेला. दोन्ही मनगटांच्या वर बोटं रुतल्याच्या निळ्या खुणा होत्या, आणि ती बोटं श्रेयसची, म्हणजे तिच्या नवऱ्याची होती. हे जहांआराबीला कुणी सांगायची गरज नव्हती. कोपरापर्यंत का भरायच्या, हेही नाही. सासू आत वळल्याबरोबर गार्गी कुजबुजली.

“चाची, माह्या बाबांले एवढं सांगा. मले घेऊन जा म्हणा. पहिलं बाळंतपण माहेरीच होते ना! माहा मोबाईल यांनी घेतला. इथं राह्यली तं माहं लेकरू नाही वाचत.”

गार्गीचे वडील रमाकांत चिखलीला कचेरीत कारकून होते. आई कोरोनात गेली. माहेर म्हणजे तेवढा एक माणूस.

“आमी नाही नेत, बेटा, या घरचं त्या घरी,” जहांआराबी म्हणाली. म्हणाली खरी, पण पुढची बांगडी तिच्या हातात फुटली.

तेवढ्यात प्रतिमाताईंचा फोन वाजला. त्या दिवशीची पाहुणी, अकोल्याची नाटकात काम करणारी बाई, येऊ शकत नव्हती. प्रतिमाताईंनी कपाळाला हात लावला, आणि मग त्यांची नजर पेटीवर गेली.

“चाल माह्यासंगं रेडिओवर.”

“मी? मी काय बोलू तिथं, मॅडम?”

“बांगड्यांचं बोल. कष्टाचं बोल. लोकं ऐकतात. आमचे व्याही तिकडं चिखलीले मोबाईलवर ऐकतात, एक बुधवार सोडत नाहीत.”

गार्गीने मान वर केली. जहांआराबीने ती नजर पाहिली आणि पेटी बंद केली.

रेडिओची खोली लहानशीच. दोन माईक, समोर खटके आणि पट्ट्या, आणि ते सगळं प्रतिमाताई स्वतःच चालवत. कार्यक्रम रंगला. जहांआराबी काचेबद्दल बोलली, मापांबद्दल बोलली, नवरीचा चुडा भरताना पोरी कशा रडतात ते बोलली. प्रतिमाताई खूश झाल्या. खुशीत माणूस सैल सुटतो, तशा त्या सुटल्या.

“जहांआराबी, इतकी मनगटं तुमच्या हातून गेली. एखादं विसरताच आलं नाही, असं कधी झालं?”

त्यांना भीती अशी वाटलीच नाही. ही बाई इतक्या वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे न नेणारी. आणि असल्या प्रश्नाशिवाय कार्यक्रमाला गोडी कशी येणार?

जहांआराबीने ओठांवरून जीभ फिरवली. नाव घ्यायचं नाही एवढाच रिवाज आहे, तिने मनाशी धरलं. नाव नाही घेतलं तर रिवाज मोडत नाही. आणि बाप ऐकतोय. बापाला नाव कशाला लागतं?

“एक हाय,” ती म्हणाली. “नवी सून हाय. सातवा महिना चालू हाय. माय नाही तिले. नवरा मारते, हात पिरगाळते. सासू मले म्हणते, कोपरापर्यंत भर, लोकाईले दिसू नये. पोरगी मले म्हणते, माह्या बापाले सांगा. आता मी कुठून सांगू? तो बाप ऐकत असन तं त्यानं आजच्या आज यावं, आन् आपली लेक घेऊन जावं. उशीर नको करू म्हणा, भाऊ.”

प्रतिमाताईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मुरलेल्याच त्या. त्यांनी एक हात पट्टीवर ठेवला, जहांआराबीचा माईक खाली ओढला आणि आपला गोड आवाज लावला.

“श्रोतेहो, जहांआराबींनी नाव घेतलं नाही. पण परक्या घराविषयी बोलताना कुणाचा आवाज असा कापतो का? स्वतःच्या घरातलं दुःख माणूस दुसऱ्याचं म्हणूनच सांगतो. त्यांच्या समाजात, त्या पडद्याआड, एक सासू आपल्या पोटच्या मुलाविरुद्ध उभी राहिली आहे, आपली चूक कबूल करून सुनेच्या वडिलांना हाक मारते आहे. किती मोठं धाडस! या माउलीला माझा सलाम.”

“माह्या घरचं नाही, मॅडम! माहा पोरगा जाकीर असा नाही!” जहांआराबी ओरडली. पण ते त्या खोलीतच राहिलं. बाहेर गाणं सुरू झालं होतं.

“असं काऊन केलं तुम्ही?”

“मंग सांग ना कोणाचं घर हाय ते,” प्रतिमाताई आपल्या घरच्या भाषेवर आल्या. “माईक चालू करून देते. घे नाव. श्रेयस आज घरीच हाय, तोही ऐकून राह्यला.”

जहांआराबीच्या डोळ्यांपुढे गार्गीचे हात आले. इथे नाव निघालं, की तिथे तिचं काय होईल हे तिला कळत होतं. नाव घेणं सोपं होतं आणि घेता येत नव्हतं. ती पेटी उचलून निघाली. पाठीमागे प्रतिमाताई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, “शेवटचा, माझ्या बोलण्याचा तेवढा तुकडा सगळ्या ग्रुपवर टाका.”

जहांआराबी घरी पोचायच्या आधी तो तुकडा वरवट बकालला पोचला. सातवा महिना, आईविना सून, हे त्यात नव्हतंच. तिथे तिच्या सुनेचं, मलिहाचं माहेर. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, आणि जाकीर बायकोला चहासुद्धा स्वतः करून द्यायचा म्हणून मोहल्ल्यात त्याची थट्टा व्हायची. संध्याकाळी मलिहाचा भाऊ अकील मित्रांसह गाडी घेऊन दारात उभा.

“भाईजान, खुदा की कसम, मले कोणी बोटसुद्धा नाही लावलं,” मलिहा रडत होती.

“तू डरून बोलून राह्यली. हिच्या सासूनं सोता रेडिओवर सांगतलं.”

मलिहाने बाह्या वर करून हात दाखवले. अकील म्हणाला, आता तर खुणा जिथे दिसत नाहीत तिथेच मारतात. जाकीर पुढे झाला तर अकीलच्या मित्रांनी त्याला भिंतीशी धरला. जहांआराबी अकीलच्या पाया पडली.

“दुसऱ्याच्या घरचं होतं ते, बेटा.”

“कोणाच्या?”

गार्गीचे हात आठवले, आणि तिने नाव घेतलं नाही. अकीलने मान हलवली, बहिणीला दंडाला धरून गाडीत बसवलं आणि दार लावून घेतलं. ज्या लेकीला न्यायचं नव्हतं ती गेली. आणि सगळा मोहल्ला म्हणाला की बरं झालं.

गार्गीने कार्यक्रम स्वयंपाकघरात ऐकला होता. ‘उशीर नको करू म्हणा, भाऊ’ हे ऐकल्याबरोबर ती उठली होती. पुढचं काही तिच्या कानात शिरलंच नाही. तिने दोन साड्या आणि दवाखान्याचे कागद पिशवीत घातले, पिशवी पलंगाखाली सारली आणि तेव्हापासून रस्त्यावर वाजलेल्या प्रत्येक गाडीला ती खिडकीशी जात होती. बाबा येणार. बाबांनी ऐकलं असणारच. दिवेलागणीला प्रतिमाताई आल्या, हातपाय धुऊन सोफ्यावर बसल्या. श्रेयस समोर होता. फोन वाजला. प्रतिमाताईंनी नाव पाहिलं आणि हसून फोन स्पीकरवर टाकला.

“बोला, व्याही.”

“विहीणबाई, आज तर कमाल केली तुम्ही,” रमाकांत म्हणत होते. आवाज भरून आला होता. “दोनदा ऐकला कार्यक्रम. ती मुसलमान बाई बोलली तेव्हा मला माझी गार्गीच दिसायला लागली. सातवा महिना, आई नाही, सगळं तसंच. म्हटलं, बघा, त्या पोरीचे काय हाल, आणि माझी पोर कुठे पडली! जवळ आहे का ती?”

“आहे ना. बोल, गार्गी.”

“बाबा,” गार्गी म्हणाली.

“अगं, नशीब काढलंस तू. तुला आणायला यायचं मनात होतं माझ्या. पण इथे आई नाही, मी एकटा, मी काय करणार? आज ऐकल्यावर वाटलं, यांच्याइतकं कोण जपणार तुला? तिकडेच होऊ दे बाळंतपण. मी बारशालाच येतो. काय?”

श्रेयसने पाय लांब केले. गार्गी ‘हो’ म्हणाली. मग तिला रडू आवरलं नाही. तोंडावर पदर घेतला तरी आवाज फोनमधून पलीकडे गेलाच.

“रडते की काय ती?” रमाकांतांनी विचारलं.

“या दिवसांत येतं हो मुलींना उगाच रडू,” प्रतिमाताई गोड आवाजात म्हणाल्या.

“ते खरंच,” रमाकांत हसले. “गार्गीच्या वेळेस तिची आईपण अशीच रडायची. मी कधी मनावर नाही घेतलं.”