खालच्या मजल्यावरचं आमेन

आमच्या घरात मारहाण सुरू झाली की खालच्या मजल्यावरची बाँग आजी गुडघे टेकायची.

खोटं नाही सांगत. तिनेच चर्चमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं, "ताक डीकनांच्या घरची प्रार्थना म्हणजे काय विचारू नका बाई! अकराव्या मजल्यावर ते 'प्रभू!' म्हणून हाक मारतात आणि दहाव्या मजल्यावर माझं छत हादरतं. मग मी पण खालून हात वर करून आमेन, आमेन म्हणत राहते." आमच्या चर्चमध्ये सगळेच एकदम ओरडून, छाती पिटत, रडत प्रार्थना करतात. त्यामुळे तिच्या बोलण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट ताक डीकनांचं, म्हणजे माझ्या बाबांचं, नाव चर्चमधल्या डीकनहून वरच्या एल्डरपदाच्या यादीत आलं.

आता खरं सांगते. बाबा तीनदा "प्रभू!" ओरडायचे आणि तिसऱ्या हाकेला आईला पहिला फटका बसायचा. आई किंचाळली तर ते आणखी मोठ्याने प्रार्थना करायचे. शेजाऱ्यांना दोन्ही आवाज एकच वाटायचे.

मी ताक ये-दाम, वय सोळा. कोरियातल्या गुन्सान शहरात, मुलींच्या शाळेत हँडबॉलच्या संघाची गोलकीपर आहे. सात मीटरवरून आलेला चेंडू तोंडावर घेते आणि वर मारणारीला दात दाखवते. घरी मात्र या वसंतापर्यंत कपाटात बसून कान झाकायची. याच वसंतात बाबांनी आईचं मनगट मोडलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कुणाला न विचारता पोलिसांना फोन लावला आणि बाबा पहिल्यांदाच घाबरलेले मी पाहिले. गुन्हा नोंदला असता तर एल्डरपद गेलंच असतं. म्हणून, आईने तक्रार करू नये यासाठी, ते तिच्याबरोबर मुकाट्याने कोर्टात गेले, संमतीच्या घटस्फोटाला हो म्हणाले आणि कोर्टाकडून तसा कागद मिळाला.

पण नुसत्या कागदाने काही होत नाही. तीन महिन्यांच्या आत दोघांपैकी एकाने तो नगर कचेरीत नेऊन नोंदवावा लागतो. नाही नोंदवला तर तो रद्दी. पाळकांनी आईला सांगितलं, "तीन महिने प्रार्थना करा, बहिणी. टीव्हीतले लोक कपडे बदलतात तसे नवरे बदलतात. आपण तसे नाही." आईने खरंच प्रार्थना केली. रोज पहाटे चर्चला जाऊन, प्लास्टरमधला हात वर करून.

आज शुक्रवार, शेवटचा दिवस. कचेरीची खिडकी सहाला बंद होते. आणि बाबांनी नेमकं आजच साडेपाच वाजता पाळकांना घरभेटीला बोलावलं. पाहुणे घरात बसलेले असताना आमच्याकडची कुठलीच बाई चप्पल घालून निघत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सराव संपवून मी सव्वापाचला घरी आले. बाबा तांदळाचा डबा जमिनीवर उलटा करत होते.

"कागद कुठाय?"

आई ओट्याशी नाशपाती सोलत होती. "पाहुणे येतील. तांदूळ भरून ठेवा."

"कागद कुठाय म्हणतो मी!"

त्यांनी किमचीच्या लोणच्याचा फ्रीज उचकला होता, आईच्या बायबलच्या कव्हरची चेन फाडली होती. माझ्या गुडघ्याच्या पॅडना मात्र ते कधी हात लावत नसत, कारण त्यांचा वास इतका भयंकर येतो की बाबा त्यांना मेलेला मासा म्हणतात. कागद तिथेच होता, प्लास्टिकच्या पिशवीत, डाव्या पॅडच्या आत. म्हणजे त्या क्षणी माझ्या पायावर. हसू दाबायला मला जीभ चावावी लागली.

आई माझ्याकडे वळली. "ये-दाम, बूट काढू नकोस. आपण निघतोय."

"कुठे निघताय?" बाबा हसले. "खिडकीवरच्या कारकुनाला नवरा विकायला? आणि हिच्या डोक्यात हे कुणी भरलं? तुझ्या त्या वर्गातल्या घटस्फोटावरच्या वादविवादांनी?"

"वर्गात तर मी हरले होते, बाबा," मी म्हणाले. "कायदा तुमच्यामुळे पाठ झाला."

"प्रभू!"

मी खांद्यावरची बॅग खाली टाकली.

"प्रभू!"

आईने सुरी खाली ठेवली. त्यांच्या हाती लागायला नको म्हणून सिंकमध्ये, पाण्याखाली.

"प्रभू!"

त्यांनी तिचे केस धरून तिचं कपाळ कपाटाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. कपाटातल्या बशा खाली आल्या. आई काचांवर पडली आणि त्यांनी तिच्या त्याच मनगटावर पाय ठेवला. नुकतं जुळलेलं हाड. ती जी किंचाळली ती प्रार्थना नव्हती.

मी धावले. चेंडू बघून मी विचार करत नाही, तसंच झालं. मधे घुसले, हातपाय फाकवले. पहिला ठोसा नाकावर बसला आणि तोंडात गरम रक्त आलं. दुसरा बरगडीत. मग त्यांनी पाहुण्यांसाठी मांडलेलं बुटकं जेवणाचं टेबल उचलून फेकलं, ते मी दोन्ही कोपरांवर घेतलं. त्याचा पाय मोडून टीव्हीवर गेला.

"आई, दार!" मी ओरडले. "दार उघड!"

बाबांनी माझा गळा धरून मला भिंतीवर दाबलं आणि तोंड वर करून ओरडले, "हे प्रभू, या घरातला सैतान काढ!"

आणि दाराबाहेरून उत्तर आलं, "आमेन!"

मला वाटलं, माझं डोकं फिरलं. पण नाही. बाहेर खरंच प्रार्थना चालू होती. पाळकांचा जाड आवाज आणि बाँग आजीचा चिरका. ते वेळेआधी आले होते, आतला आवाज ऐकला आणि भेट प्रार्थनेनेच सुरू झाली समजून तिथेच उभ्या उभ्या सामील झाले होते!

मी बाबांच्या नडगीवर बुटाची लाथ घातली. पकड सुटली. आई रांगत दारापाशी गेली आणि तिने कडी काढली.

पाळक डोळे मिटून हात उंचावून डोलत होते. बाँग आजी मिठाईची पेटी छातीशी धरून रडत होती. "हादरव, प्रभू, आणखी हादरव!" तिने डोळे उघडले. समोर आई, कपाळ फुटलेलं, केसांत काचा. मागे मी, नाकातून रक्ताची धार. माझ्या मागे बाबा, मुठीत माझ्या जर्सीची फाटलेली कॉलर.

बाँग आजीने आमच्याकडे पाहिलं. मग खाली, जमिनीकडे. तिचं छत होतं ते. किती वेळा आमेन म्हणाली, ते ती मोजत असावी.

"बहिणी," पाळक घाबरून म्हणाले, "आत चला. बसून बोलू. हा निर्णय कचेरीचा नाही, देवाचा आहे."

"आत बसायला जागा नाही, पाळकसाहेब," मी म्हणाले. "काचा आहेत."

बाबा माझ्या खांद्यावरून आईकडे झेपावले. आईला बाहेर ढकलून मी चौकटीत हात ताणले. माझ्या पाठीत गुद्दे बसत होते. मी मोजले, पाच. सहावा आलाच नाही, कारण बाँग आजीने माझ्या काखेखालून हात घालून मिठाईची पेटी बाबांच्या तोंडावर फेकली होती.

"म्हातारे, तुला वेड लागलं का!"

"लागलं होतं," ती म्हणाली. "वर्षभर." मग आईवर खेकसली, "बघतेस काय, युन-सुक? लिफ्ट बोलाव!"

पाळक मधे पडायला माझ्या बाजूने आत शिरले, पण बाबांनी त्यांनाच ढकललं आणि ते दोघे तांदळावरून घसरून पडले. आम्ही तिघी लिफ्टमध्ये शिरलो. आईच्या पायांत नुसते मोजे होते. आजीने आपले बूट काढून तिला घातले आणि स्वतः अनवाणी उभी राहिली.

"मी घटस्फोटाच्या विरोधात आहे," ती दाराकडे बघत म्हणाली. "अजूनही."

"माहीत आहे," आई म्हणाली.

टॅक्सीवाल्याने आरशात पाहिलं आणि दोन सिग्नल तोडले. सहाला अकरा मिनिटं बाकी असताना मी खिडकीसमोर पॅडमधून कागद काढला. खिडकीतली मुलगी वासाने मागे सरकली, मग आमचे चेहरे पाहून पुढे आली.

"आधी डॉक्टरकडे जा ना, मावशी. मी रुग्णवाहिका बोलावते."

"बोलाव," आई म्हणाली. "पण आधी नोंद."

तिचं उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. तिने डाव्या हाताने सही केली, पहिलीतल्या मुलीसारखी वाकडीतिकडी. शिक्का धाडकन बसला आणि आई दचकून डोकं झाकून खाली वाकली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती सावकाश सरळ झाली. कागदावरची शाई ओली होती. आईने तिच्यावर हळूच फुंकर घातली. बाँग आजी आपल्या अनवाणी पायांकडे बघत होती.

मग मीच म्हणाले, "आमेन!" इतक्या जोरात की रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.