मापांच्या वहीतल्या गप्पा

वहिनीच्या मते मी घरात बसून आंबत चालले होते. "कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बस. एका तरी जिवंत माणसाशी बोलून ये," ती म्हणाली. तिचं काय जातं बोलायला! मी दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकते आणि टाइप करते. दुसऱ्यांचं बोलणं मला तोंडपाठ, स्वतःचं मात्र घशातच अडकतं. दुकानातही मी यादीवर बोट ठेवूनच कॉफी मागितली.

पहिल्याच शनिवारी एक म्हातारे काका टेबलापाशी आले. "इथे कुणी बसलंय का?" त्यांनी विचारलं. 'नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण दातखीळच बसली, आणि हात आपसूक कानाकडे गेला. हेडफोन लावलेत, असं दाखवून सुटायचं होतं मला. हेडफोन घरी राहिले होते. काकांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी खिशातून वही काढून लिहिलं, 'माफ करा, लक्षात नाही आलं. बसू का?'

मी मान डोलावली. मला ऐकू येतं, हे तिथेच सांगून टाकलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण कागदावर मला भराभर सुचत होतं हो!

काका शिंपी होते, आता काम सोडलेले. वहीच्या पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची छाती, कंबर, बाही, आणि मागच्या कोऱ्या पानांवर आमच्या गप्पा. चार महिने, दर शनिवारी. भाऊ झोपेत तोंड कसं उघडं टाकतो हेसुद्धा मी त्यांना लिहून दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट बघत होतं. आज सांगायचंच, असं ठरवून जायचे आणि शेपूट घालून परत यायचे. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी पुढच्या शनिवारी पाय तिकडेच वळायचे.

मग एकदा काकांनी लिहिलं, 'माझ्या लेकीला दीड वर्षापूर्वी तापात ऐकू येईनासं झालं. तेव्हापासून घराबाहेर पडलेली नाही. तुमच्याबद्दल सांगितलं, तर म्हणाली, त्या एकट्या जातात? मग मीही येते. पुढच्या शनिवारी आणू?'

मी 'हो' लिहिलं. नालायकपणाचा कळस!

ती आली. माझ्याच वयाची, बापाचा दंड घट्ट धरून. काकांनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतः समोर, दाराकडे पाठ करून बसले. आम्हा दोघींची पाठ काउंटरकडे होती. तिनं वहीत लिहिलं, 'लोक बघायला लागले की तुम्ही काय करता?'

'कपात बघते,' मी लिहिलं. तेवढं तरी खरं होतं.

ती मोठ्यानं हसली. काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. दीड वर्षानं ते तिचं हसू ऐकत होते, आणि मी खरोखरच कपात बघत बसले.

तेवढ्यात मागे कपांनी भरलेला ट्रे पडला. सगळं दुकान दचकून वळलं. मीही वळले. वळली नाही ती फक्त तीच.

मी तोंड पुढे केलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. काकांचं लक्ष अजून फुटलेल्या कपांवर होतं, "अरेरे, सगळे गेले," असं पुटपुटत होते. तिनं वही ओढून घेतली आणि सावकाश लिहिलं, 'बाबांना तुम्हीच सांगा. माझ्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.'

वाटलं, उठावं आणि पळत सुटावं. पण ती माझ्या ओठांकडे बघत बसली होती. पेन तिनं स्वतःच्या मुठीत धरून ठेवलं होतं.

"काका," मी हाक मारली.

काकांनी चटकन मान मागे वळवली आणि दाराकडे बघत म्हणाले, "कोण हो?"