आठ हजार वर्षांचं पाणी

पाण्यातल्या अणूंवरून त्याचं वय काढायचं, हे माझं काम. अणुसंशोधन केंद्रात त्या विभागाची मी प्रमुख आहे. दुष्काळात उमापूरच्या बोअरचं पाणी तपासलं आणि निकाल सांगायला स्वतः माहेरी गेले. माझे काका सुंदरराव तिथल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. कारखान्याच्या सभेत आधी माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि कंटाळवाणी भाषणं. मग मी स्पष्टच म्हणाले, "हे पाणी आठ हजार वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे. उपसलं की संपलं. ऊस थांबवा."

काकांनी माईक ओढून घेतला. "ऐकलं का? आठ हजार वर्षांचं पाणी, अन् अजून संपलं न्हाई! म्हंजे खाली लई हाय!"

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बाहेर नव्या बोअरची गाडी तयारच होती. काकांनी सत्काराचाच नारळ माझ्या हातात दिला. "तूच फोड, पोरी. तुज्या हाताला यश हाय."

जळो ते माझं प्रमुखपद! चारचौघांत काकांना नाही म्हणायची हिंमत झाली नाही. मी नारळ फोडला.

संध्याकाळपर्यंत मशीन नुसता धुरळा ओकत राहिलं. त्या जागेवर पाणी पडलं, ते फक्त मी फोडलेल्या नारळाचं.