फिरणारं कुलूप

मामा किल्ल्या बनवायचा आणि अडकलेली दारं उघडून द्यायचा. भाची वेबसाइट बनवायची. तेव्हा मामाच्या दुकानाची साइट तिनेच करायची, हे ओघानं आलंच. आणि केलीही अशी, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. काळ्या पडद्यावर सोनेरी कुलूप सावकाश गोल फिरायचं, मंद संगीत वाजायचं, आणि कुलपावर माउसचा बाण नेला की ते उघडून आतून मामाचा फोन नंबर वर यायचा. सध्या सगळीकडे हेच चालतं, असं तिचं म्हणणं. मामानं येईल-जाईल त्याला पकडून ते कुलूप दाखवलं.

त्यानंतर मामाचा फोन मात्र थंडावला. "लोक शहाणे झाले गं, किल्ली विसरतच नाहीत," तो हसून म्हणायचा. पण दुकान बंद करून कुठेतरी नोकरी धरावी, असं तो अधूनमधून बोलून दाखवायला लागला होता, आणि भाचीला ते मुळीच नको होतं. साइट आणखी झगमगीत करायला हवी, असा निष्कर्ष तिने काढला. शाब्बास.

एका दुपारी ती कचरा टाकायला बाहेर आली आणि मागे दार धाडकन लागलं. किल्ली आत, मोबाइल आत, गॅसवर दूध. शेजारच्या आजींनी आपला फोन दिला. पण मामाचा नंबर? पाठ कुणाला असतो हल्ली. तिने साइट उघडली. कुलूप फिरायला लागलं.

तिने त्याच्यावर बोट ठेवलं, दाबलं, घासलं. कुलूप आपलं फिरतंय. फोनवर माउसचा बाण नसतो, हे बाईंना आत्ता सुचत होतं. साइट तिने फक्त स्वतःच्या मोठ्या स्क्रीनवर तपासली होती.

"कुणी केलंय गं हे?" आजींनी विचारलं. "त्याला एकदा असं दाराबाहेर उभं करायला हवं."

"उभीच आहे," ती म्हणाली.

आजी इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. मग तीही हसली आणि अनवाणीच पळत मामाच्या दुकानात पोचली. मामा पुसलेलीच हत्यारं पुन्हा पुसत बसला होता. ते बघून तिला रडूच यायला लागलं, पण दूध थांबणार नव्हतं.

मामानं येऊन दार उघडलं तोवर भांड्याचा कोळसा झाला होता. तिने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तशीच कॉम्प्युटरपुढे बसली. संगीत गेलं, काळा पडदा गेला.

"अगं, ते कुलूप तरी राहू दे," मामा कळवळला. "किती छान फिरतं."

"तुझं गिऱ्हाईक बाहेर ताटकळतंय, मामा."

पांढऱ्या पानावर एक भलामोठा नंबर उरला, बोट लावलं की थेट फोन लागेल असा. मामाला ते पान फारच उघडंबोडकं वाटलं. तो खट्टू होऊन जळकं भांडं घासायला उभा राहिला.

भांड्याचा तळ दिसायला लागला तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणीतरी स्वतःच्याच बाल्कनीत अडकलं होतं. "आलोच, जागचे हलू नका," मामा म्हणाला, आणि भाचीच्या डोक्यावर साबणाचा हात फिरवून धडाधड जिना उतरायला लागला. तो खाली पोचायच्या आत फोन पुन्हा वाजलेला तिला ऐकू आला.