कौमुदीच्या हातातला दोष

गुरुवारी दुपारी दोन वाजता नवा रायपुरातल्या आमच्या नोंदणी कक्षात चौदा माणसं हात जोडून उभी होती आणि समोर एक काँप्युटर अडकून पडला होता. चौदांपैकी बारा पदवीधर, त्यांतले दोन बी.एस्सी. हात मीही जोडले होते. साहेब माझ्याकडेच पाहत होते.

शालिग्राम महाराजांनी पडद्याला भस्म लावलं. "इसमें जड आत्मा बैठी है! ये सॉफ्टवेअर की नहीं, संस्कार की बिमारी है. तार काढा! अकरा श्वास मोजा! लावा तार!"

विजेची तार लागली, पडदा उजळला. रणजितने तर खिशातला मोबाइलही महाराजांच्या पायाशी ठेवला. त्याची बॅटरी लवकर उतरायची.

मग महाराजांनी कौमुदीकडे बोट दाखवलं. कंत्राटावरची ही पोरगी बीरगांवहून यायची. घरात नोकरी एवढी एकच. तिचा जुना काँप्युटर रोज दोनच्या सुमारास अडकायचा, दुसऱ्या कुणाचाच नाही. महाराजांच्या सल्ल्याने मंगळवारी तिला रणजितच्या नव्या काँप्युटरवर बसवलं. मंगळवार छान गेला, बुधवारही. गुरुवारी दोनला तोही अडकला. तिकडे तिच्या जुन्यावर रणजित तीन दिवस बिनघोर काम करत होता.

"मशीन बदली, कुर्सी बदली," महाराज म्हणाले, "दोष मागं मागं आला. पोट्टीच्या हातात आहे तो!"

पुरावा इतका चोख होता, की कौमुदी स्वतःच आपले तळवे उलटेपालटे करून पाहू लागली.

आमचे साहेब विनायक पडोळे यांनी तिचं कंत्राट न वाढवण्याची टिपणी करून ठेवली, सही शनिवारी. तोवर कीबोर्डला हात लावायचा नाही. शुक्रवारी ती दाराजवळच्या स्टुलावर बसून होती. घरी जावं तर साडेपाचशिवाय बस नाही, आणि बसावं तर येणारा-जाणारा वळसा घालून जायचा. मी मोजले : सकाळपासून नऊ जण.

"काका, मी काही केलं का हो?" ती म्हणाली. "काहून असं करून राहिले सगळे?"

"होईल ठीक," मी म्हणालो. असं म्हणायला काही लागत नाही.

त्याच दुपारी समता कॉलोनीतून देवयानी आली. आमच्या काँप्युटरांची देखभाल तिच्याकडे. महाराजही शुद्धीसाठी हजर होते. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "दिवसाला कोण किती फायली करतं, लिहून ठेवता का?"

ठेवतो. ते रजिस्टर माझ्याच कपाटात असतं. बाकी सगळे शंभर-सव्वाशे. कौमुदी साडेतीनशे.

देवयानी सकाळपासून बंदच असलेल्या जुन्या काँप्युटरवर बसली. फाइल उघड, बंद कर. उघड, बंद कर. टाइप काहीच नाही. कौमुदी तिकडे दाराशी, हात मांडीवर. दोनशे तिसरी फाइल उघडली आणि काँप्युटर गप्प झाला.

"आता हात कोणाचा, महाराज?"

"तिची छाया पडली."

"हव? मग काढा छाया. फक्त तार काढायची नाही."

महाराजांनी मंत्र म्हटला, भस्म फासलं, लिंबू फिरवलं. अर्धा तास गेला. काँप्युटर ढिम्म. "बिना तार काढे विधि अधूरी है," ते घाम पुसत म्हणाले.

"मग बिना विधि तार काढून बघू." तिने काढली, लावली. चालू!

पडोळे साहेब सावरून बसले. "पण मॅडम, नवा काहून अडकला?"

"आपण टेबलावर फायली पसरतो, तसा हा प्रोग्राम त्या मेमरीत पसरतो. फाइल बंद केली तरी उचलत नाही. टेबल भरलं की हात हलवायला जागा नाही. जुन्याचं टेबल लहान, दोनशेत भरतं. बाकीचे तिथवर पोचतच नाहीत, आणि संध्याकाळी बंद केला की टेबल साफ. नव्याचं टेबल मोठं, हजारभर मावतात. पण नव्या विंडोजमध्ये बटण दाबलं की तो बंद होत नाही, झोपतो. सकाळी काम जिथल्या तिथं सापडतं ना?"

"तेच तर आवडते मले," रणजित म्हणाला.

"त्यासोबत कालचा पसाराही सापडतो. सोमवारी तुझ्या सव्वाशे, मग हिच्या साडेतीनशे, पुन्हा साडेतीनशे, गुरुवारी दोनपर्यंत दोनशे. करा बेरीज. तू एकटा असला तर आठवड्यात भरत नाही, आणि रविवारी इमारतीची लाइटच बंद. प्रोग्राम बनवणाऱ्यांना मी चूक कळवते. तोवर डबा खायच्या सुट्टीत सगळ्यांनी काँप्युटर रीस्टार्ट करा."

महाराज पाणी प्यायला गेले ते आलेच नाहीत. साहेबांनी टिपणी फाडली, आणि कौमुदी कामाला बसली.

काँप्युटर कसा चालतो हे प्रत्येकाला कळलंच पाहिजे असं नाही. पण चमत्कारातली एकेक गोष्ट वगळून पाहणं कुणालाही जमतं. ज्याच्यावर बोट आहे त्याला दूर बसवून तेच पुन्हा घडतं का, हेही पाहता येतं. आम्ही बारा पदवीधरांनी यातलं काहीच केलं नाही. सगळ्यांत जास्त काम करणारीच्या हातून प्रोग्रामची चूक उघडी पडत होती, आणि आम्ही तिचेच हात थांबवले.

देवयानी त्या शुक्रवारी आली नसती, तर कौमुदी गेली असती. सोमवारपासून आमच्या कक्षात एकही काँप्युटर अडकला नसता. आणि महाराज खरे होते, असं आम्ही जन्मभर शपथेवर सांगितलं असतं.